पत्र्याखालची खोली थंड करायची तर...

दिवाळी तोंडावर आली आहे. घरोघरी जळमटे काढणे, डबे घासणे, भाजणीची यादी हे सारे सुरू झाले असेल. अशा दिवसांत उन्हाळ्याची आठवण कोण काढतो? पण भगिनींनो, मे महिन्याच्या उकाड्यावरचा उपाय मे महिन्यात करायचा नसतो. तो आता करायचा असतो, हातात भिशीचे चार पैसे असताना आणि कारागीर मोकळे असताना. हे शहाणपण मला आपसूक आलेले नाही. त्याची किंमत मोजली आहे आणि ती थोडीशी आमच्या मामंजींनाही मोजावी लागली.

आमचे घर अकोल्याचे. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यावर पत्र्याची एक खोली. बांधली तेव्हा ती अडगळीसाठीच होती. सारे तिला "माळा"च म्हणायचे. मुलगी दहावीत गेली तसे मामंजी स्वतःहून म्हणाले, "पोरीला खालची खोली द्या. मला वर मोकळी हवा बरी." पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, बोलणे मोजके. आम्हीही फार विचार केला नाही. पलंग वर गेला, त्यांच्या पोथ्या गेल्या, पाण्याचा तांब्या गेला.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एका दुपारी मी मेणबत्त्यांचा पुडा शोधायला वर गेले. तो कोनाड्यातल्या फळीवर होता. उघडून पाहते तर साऱ्या मेणबत्त्या धनुष्यासारख्या वाकलेल्या! मी हसत हसत मामंजींना दाखवायला वळले, तर ते ओला पंचा छातीवर टाकून डोळे मिटून पडलेले. हाक मारली तर उत्तर विसंगत. आमची सारी धावपळ झाली. डॉक्टरांनी सलाईन लावले आणि सांगितले, "उष्माघाताच्या उंबरठ्यावर होते. त्यासाठी उन्हातच जावे लागते असे नाही, घरातही होतो. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते आणि उष्णता चढलेलीही लवकर कळत नाही."

मामंजी तीन दिवसांत बरे झाले. माझ्या डोळ्यांपुढून मात्र त्या वाकलेल्या मेणबत्त्या जाईनात. ज्या खोलीत मेण तग धरत नाही, त्या खोलीत आपण घरातले वडील माणूस ठेवले होते आणि त्यांनी चार उन्हाळे चकार शब्द काढला नव्हता.

आधी केलेली चूक

उपाय मी अजिबात केला नव्हता असे नाही. त्याच्या आदल्या वर्षी एका दुकानदाराच्या सांगण्यावरून थर्माकोलचे तक्ते आणून पत्र्याला आतून चिकटवले होते. २,३०० रुपये खर्च झाला. एप्रिल संपेपर्यंत गोंद उन्हाने सुटला आणि तक्ते एकेक करून मामंजींच्या अंगावर पडू लागले. पुढे उंदरांनी त्यांची घरटी केली. शिवाय थर्माकोल भराभर पेट घेतो, आणि आमची विजेची वायर तर त्याला खेटूनच गेलेली! स्वस्तातले औषध महागात पडते ते असे.

ह्यांचे म्हणणे, सरळ ए.सी. बसवू. मी कागद-पेन्सिल घेतली. दीड टनी यंत्र ३८,००० रुपयांचे, वर वेगळी वायर. तापलेल्या पत्र्याखाली ते जवळजवळ सतत चालणार. तासाला दीड युनिट धरले आणि रोज आठ तास, तर १२ युनिट. उन्हाळ्याचे ९० दिवस म्हणजे १,०८० युनिट. वरच्या टप्प्याचा दर सरासरी १० रुपये धरला, तर एका उन्हाळ्याचे १०,८०० रुपये. दरवर्षी! शेगडी पेटती ठेवून शेजारी बर्फाची लादी आणून ठेवण्यासारखेच ते. आधी शेगडी विझवायला हवी.

ऊन घरात शिरते कसे?

शाळेत मी पाचवी-सहावीच्या वर्गांना अर्धवेळ शिकवते, म्हणून मुलांना सांगते तसेच सांगते. छपरावर पडलेले ऊन तीन वाटांनी आपल्यापर्यंत येते. पत्रा तापतो आणि तव्यासारखी उष्णता खाली फेकतो. त्या पत्र्याला लागून असलेली हवा तापते आणि वरच कोंडून राहते. आणि पत्र्याला जे जे टेकलेले असते, वासे, भिंती, तेही तापते.

म्हणून उपायही तीन. पत्रा मुळात कमी तापावा यासाठी वरून पांढरा रंग. तापलेली हवा निघून जावी यासाठी आढ्याखाली दोन्ही बाजूंना जाळ्या. आणि उरलेली उष्णता खाली येऊ नये यासाठी मध्ये जाड "गोधडी", म्हणजे काचेच्या लोकरीचा थर आणि त्याखाली छत. थंडीत आपली गोधडी ऊब देते ती तिच्या आत अडकलेल्या हवेमुळे. इथेही काम तेच, फक्त उलट्या बाजूने.

ही विद्या नवीनही नाही. माझे माहेर लातूरकडचे. तिथल्या जुन्या माळवदाच्या घरांत लाकडी तक्तपोशीवर पांढऱ्या मातीचा जाड थर असायचा. भर दुपारी आत गेले की डोळे निवायचे. हलक्या पत्र्यावर एवढी माती पेलणार नाही, म्हणून आपण हलकी गोधडी घ्यायची, इतकेच. अहमदाबादेत २०१० च्या भयंकर लाटेनंतर २०१३ साली उष्णतेला तोंड देण्याचा आराखडा झाला आणि २०१७ पासून वस्त्यांमधली छपरे पांढरी करण्याची मोहीम निघाली. तेलंगणाने तर २०२३ साली थंड छपरांचे धोरणच आणले. तेव्हा "हे कसले खूळ" असे घरात कोणी म्हटले, तर खुशाल सांगा.

मोजमाप: इथेच फसतो आपण

मामंजींना खर्चाचे सांगताच ते म्हणाले, "सूनबाई, माझ्यासाठी एवढा पैसा नको. मी आज आहे, उद्या नाही." वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी म्हटले, "मला शिकवणीला खोली हवी आहे. आणि हिशेब तुम्हीच ठेवायचा. मला कोणीही फसवेल." त्यावर ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी पाहते तर चष्मा लावून वहीत रकाने आखत बसलेले!

मोजमाप दोन असतात हे लक्षात ठेवा. रंगाचे माप छपराच्या वरच्या बाजूचे, पागोळ्यांसकट. छताचे माप खोलीच्या आतले. आमची खोली १५ बाय १२, म्हणजे १८० चौरस फूट. छपराला दोन उतार, प्रत्येक पागोळीसकट १८ बाय ८, म्हणजे एकूण २८८ चौरस फूट. छत सपाट घालायचे असेल तर त्याला उताराचे माप लावायचे कारण नाही.

छताच्या ठेकेदाराने नेमके तेच केले. उताराचे १९५ चौरस फूट धरून वर "तुटीफुटीचे" १०% चढवले आणि २१५ चौरस फुटांचा कागद माझ्या हातात दिला. "वहिनी, सगळीकडे असंच असतं," म्हणाला. मामंजींनी शांतपणे टेप मागितली, खोली मोजली आणि वही पुढे केली. ३५ चौरस फुटांचे, ७८ रुपयांच्या दराने, २,७३० रुपये जास्त लावले होते! ठेकेदार ओशाळला आणि १८० वर आला. त्या दिवशी मामंजींनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आमचा अंदाजपत्रकाचा कागद

हे आमच्या गावात आम्हाला मिळालेले भाव आहेत. तुमच्याकडे कमी-जास्त असतील. पण रकाने हेच ठेवा आणि प्रत्येक कामाला तिघांकडून दर घ्या.

पहिला टप्पा:
१. गळती बंद करणे, सैल स्क्रू, रबरी वॉशर : १,७५० रु.
२. छपराला ऊन परतवणारा पांढरा रंग, मजुरीसह, २८८ चौ. फूट × १८ : ५,१८४ रु.
३. आढ्याखाली दोन जाळ्या, पाऊस येऊ नये अशा तिरप्या पट्ट्यांच्या : १,६०० रु.
४. वायरी पाइपात घालून घेणे : १,४०० रु.
एकूण ९,९३४ रु.

दुसरा टप्पा:
५. काचेची लोकर, दोन इंच जाडीची, १८० अधिक १०% = १९८ चौ. फूट × २२ : ४,३५६ रु.
६. लोखंडी चौकट आणि ओल सोसणाऱ्या सिमेंटच्या जातीच्या तक्त्यांचे छत, १८० × ७८ : १४,०४० रु.
एकूण १८,३९६ रु.

दोन्ही मिळून २८,३३० रुपये. अडीअडचणीसाठी वर १०% म्हणजे २,८३३. सारे मिळून ३१,१६३ रुपये.

माझ्याजवळ भिशीचे २०,००० आणि शिकवणीतून साठवलेले ६,००० होते. पाच हजार कमी. कर्ज काढायचे नाही हे पक्के होते. म्हणून पहिला टप्पा त्या दिवाळीनंतर केला आणि दुसरा वर्षभराने, संक्रांतीच्या सुमाराला. मनात थोडी रुखरुख होती. पण या थांबण्याचा एक मोठा फायदा झाला. मधला पावसाळा निघून गेला आणि पत्रा कुठे गळतो ते नेमके कळले. गळत्या पत्र्याखाली गोधडी घातली तर ती भिजते, भिजली की तिचा गुण जातो आणि छतावर डाग पडतात. तेव्हा पैसे हातात असले तरी आधी एक पाऊस पाहून घ्या, असेच मी सांगेन.

"अडीअडचणी"चा रकाना रिकामा राहील असे समजू नका. रंगारी वर चढला आणि एक पत्रा गंजून चाळणी झालेला निघाला. त्याचे १,१५० रुपये. पुढे हातमोजे, तोंडाच्या पट्ट्या, सांधे बंद करायची फीत यांचे ६२०. अखेरचा आकडा ३०,१०० आला. मामंजींनी वहीत त्याखाली लाल शाईने दोन रेघा ओढल्या.

काम करवून घेताना

कामाचा क्रम बदलू नका : आधी गळती, मग रंग, मग जाळ्या आणि वायरी, शेवटी गोधडी आणि छत. छत झाल्यावर वायरीसाठी ते पुन्हा उचकटणे म्हणजे दुप्पट खर्च.

रंगाचे काम हिवाळ्यात, सकाळच्या वेळी करावे. आधी पत्रा घासून, धुऊन पूर्ण वाळवावा. पत्र्यावर चालताना स्क्रूच्या रांगेवरूनच, फळी टाकून चालायला सांगा. तिथे खाली आधार असतो. तुमचे पत्रे सिमेंटचे असतील तर त्यावर कोणीही पाय देऊ नये, ते अचानक फुटतात. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना फार घातक. ते घासू, कापू नयेत, त्यांना भोके पाडू नयेत. तिथे छत खालून भिंतींच्या आधाराने घालावे.

काचेची लोकर अंगाला खाजते. कारागिरांना पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे आणि तोंडाला पट्टी लावायला सांगा. मुलांना तेवढा दिवस शेजारी पाठवा. नंतर कोरड्या केरसुणीने झाडू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या.

लोकर दाबून ठासू नका. दोन इंचांची एक इंच झाली की आतली हवा गेली आणि गुणही गेला. दिव्यांच्या भोवती जागा सोडा. जाळ्यांची तोंडे झाकू नका आणि त्यांना बारीक तारेची जाळी लावून घ्या, नाहीतर चिमण्या, खारी आणि उंदीर वास्तव्याला येतात. छताला एका कोपऱ्यात दोन फुटांची झडप ठेवा, वर्षातून एकदा डोकावता येते.

पंखा छताच्या तक्त्याला कधीही टांगू नका. त्याचा हूक वरच्या लोखंडी आडव्या पट्टीलाच हवा.

चमकत्या पन्नीचे गुंडाळेही बाजारात मिळतात आणि ते स्वस्त पडतात. पण पन्नीसमोर इंचभर तरी मोकळी हवा असली तरच तिचा उपयोग. पत्र्याला घट्ट चिकटवली तर पैसे वायाच. चकचकीत बाजू खाली ठेवावी, वर ठेवली तर धूळ बसून चमक जाते.

ज्यांचे छप्पर स्लॅबचे आहे

पत्रा लवकर तापतो आणि लवकर निवतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि अर्ध्या रात्रीपर्यंत ते आपल्या अंगावर सोडत बसतो. म्हणून तिथे गोधडी खालून घालण्यापेक्षा वरून घातलेली चांगली : गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर फुटक्या पांढऱ्या फरश्यांचे काम. ते झेपत नसेल तर निदान पांढरा रंग.

ज्यांचे घर भाड्याचे आहे

घरमालकाला विचारून छपराला चुन्याचे दोन हात द्या. चुन्यात थोडा फेव्हिकॉल घातला की तो बरा टिकतो. तरी पावसाने धुपतो, दरवर्षी द्यावा लागतो. पण खर्च काही शेकड्यांतला. पत्र्याच्या वर हात-दीड हात उंचीवर बांबूला हिरवी जाळी ताणली तर सावली पडते, आणि घर सोडताना ती काढूनही नेता येते. खिडकीचा पडदा आतून लावण्याऐवजी वाळ्याचा किंवा चटईचा बाहेरून लावा. ऊन काचेच्या आत आले की मग पडदा काय करणार?

फायदा किती झाला?

२५० रुपयांचा एक तापमापक आणून भिंतीला लावला होता. बाहेर ४३ अंश असताना दुपारी तीनची नोंद मामंजी वहीत करायचे. काहीही केले नव्हते तेव्हा खोलीत ४६. पहिल्या टप्प्यानंतर ४३. गोधडी आणि छत झाल्यावर ४०. चाळीस हाही काही गारवा नव्हे, हे मी कबूल करते. पण आमच्या कोरड्या हवेत मग साधा कूलर पुरतो. समोरची खिडकी उघडी ठेवून कूलर लावला की काटा ३३ वर येतो. पूर्वी त्याच खोलीत तोच कूलर नुसती गरम वाफ फेकायचा.

न मागता मिळालेले दोन फायदे आणखी आहेत. पावसाचा पत्र्यावरचा ताशा आता दूरवरून आल्यासारखा वाटतो. आणि थंडीत पहाटे पत्र्याला आतून दव धरून ते पांघरुणावर टपकायचे, तेही थांबले.

माणसांची काळजी मात्र छपरावर सोपवता येत नाही. घरात वडीलधारे असतील, त्यातून रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर उन्हाळ्यात तासातासाने पाणी विचारा. "हवे का?" असे विचारू नका, पेला हातात द्या. कोणी असंबद्ध बोलू लागले, अंग तापले, चक्कर आली, तर ओल्या फडक्याने अंग पुसत, वारा घालत ताबडतोब डॉक्टर गाठा.

आणि एक गोष्ट. आपल्या घरातल्या सर्वात गैरसोयीच्या खोलीत कोण राहते, ते एकदा पाहा. बहुधा तेच माणूस राहते जे तक्रार करत नाही. या दिवाळीच्या साफसफाईत एका दुपारी दोन-तीनच्या सुमाराला त्या खोलीत अर्धा तास नुसते बसून या. अंदाजपत्रकाची सुरुवात तिथून होते.

आमची शिकवणी आता खरोखरच वर भरते. मी खोटे बोलले होते ते असे खरे झाले. सहा मुले असतात, आणि कोपऱ्यातल्या पलंगावर बसून मामंजी त्यांच्या वह्यांतली गणिते तपासतात. परवा एका मुलाने क्षेत्रफळाचे उदाहरण चुकवले, तर त्यांनी टेप काढून सारी खोली मोजायला लावली. उत्तर आले १८० चौरस फूट.